तुऱ्याचा हात

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून दादरला उतरले तेव्हा सात वाजायचे होते. कॅमेऱ्याची बॅग पोटाशी, त्यावरून रेनकोट. पुलाच्या जिन्यावर एका काकूंनी "सावकाश गं बाई" म्हणत मला वाट करून दिली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. दादरच्या पुलावर अशी वाट रोज मिळत नाही.

आले होते मैत्रिणीच्या बोलावण्यावरून. ती लालबागची, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं. तिचे वडील मृदंग वाजवतात, भाऊ नाचतो. "रविवारी गिरगावात आमच्या मंडळाचा शक्ती-तुऱ्याचा सामना आहे. फोटो काढायला ये. पैसे नाहीत, जेवण आहे," एवढाच निरोप होता. मी कोल्हापूरची, जत्रेतला तमाशा बघत वाढलेली. कलगी-तुरा मला कुणी शिकवायची गरज नाही अशा समजुतीत होते. पहिल्याच चहाला काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती समजूत बशीत ओतून पिऊन टाकली.

"तुमच्याकडं कलगी म्हणतात, आमच्याकडं शक्ती. शक्तीवाले पार्वतीला थोर मानतात, तुरेवाले शंकराला. भांडण तेच. पण तुमचं गाऊन, आमचं नाचून."

मधे बुवा, म्हणजे शाहीर. त्यांच्याजवळ मृदंग, झांज आणि झील ओढणारे, म्हणजे मागून सूर धरणारे. भोवती रिंगण धरून नाचणारी पोरं, एकाच पायात चाळ बांधून. याला जाखडी म्हणायचं. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब, आणि शेवटी ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून येतात ते टोमणे. एक बारी एका पक्षाची, दुसरी दुसऱ्याची. मुंबईत याला बाल्या नाच म्हणतात तेही काकांनीच सांगितलं. कोकणातून घरकामाला आणि गिरणीत आलेल्या गड्यांच्या कानात बाळी असायची, म्हणून ते 'बाल्ये'. "नावं ठेवली होती आम्हाला. आम्ही तेच नाव घेऊन नाचलो."

दुपारी पाऊस उघडल्यावर मैत्रिणीनं लालबाग-परळ फिरवलं. गणपतीला दोन आठवडे होते. ज्या बोळात शिरावं तिथं प्लॅस्टिक पांघरलेली मूर्ती, पाय तेवढे दिसणारे. गिरणगावच्या कामगारांसाठी तमाशाचे फड जिथं उतरायचे त्या हनुमान थिएटरचं पुढं लग्नाचं सभागृह झालं. आमच्याकडच्या कितीतरी फडांनी जिथं चाळ बांधले ते हे थिएटर. त्या जागेवरून जाताना मी उगाच हळू चालले. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं. नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, आणि शक्ती-तुरा यांचं ते मुंबईतलं माहेर. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हापासून सामने कधी गिरगावात, कधी पार्ल्यात, कधी बोरिवलीत. काका हल्ली त्या रस्त्यानं जात नाहीत म्हणे.

रात्री मैत्रिणीच्या भावानं मोबाइलवर सामन्याचा बॅनर दाखवला. डावीकडं शक्तीवाले बुवा, उजवीकडं तुरेवाले बुवा, दोघांची बोटं एकमेकांवर रोखलेली, मधे ज्वाळा आणि 'जंगी सामना'. तुरेवाल्यांच्या उजव्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं ठसठशीत घड्याळ.

"उजव्या हातात?"

"बोट नाचवताना दिसायला नको?" भाऊ म्हणाला. "अख्खा तालुका ओळखतो ते घड्याळ."

शनिवार

सराव संध्याकाळी सातला होता. सुरू झाला पावणेदहाला, कारण लालबागमध्ये एका मोठ्या गणपतीचं आगमन होतं. आगमन म्हणजे कारखान्यातून मंडपात जाणारी मूर्ती. पण आता ती मिरवणूक विसर्जनाच्या तोडीची झालीय. पुलाखाली माणसांचा चिखल, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक मोबाइल. मीही कॅमेरा वर केला. व्ह्यूफाइंडरमधून मूर्ती दिसलीच नाही, दिसले ते मूर्तीचे शेकडो छोटे पडदे. एक फोटो काढला आणि बॅगेची चेन लावली.

आमचे नाचणारे या गर्दीच्या पलीकडून येणार होते. एक विरारचा, दोघं नालासोपाऱ्याचे, चौघं दिव्याचे. लालबाग-परळात राहून नाचणारा आता एकटा मैत्रिणीचा भाऊ. बाकीच्यांच्या खोल्या विकल्या गेल्या किंवा भावकीत वाटल्या गेल्या. कुणी कुरिअरमध्ये, कुणी बँकेच्या दारावर, एक जण रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. त्याच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता.

सरावाची जागा म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची गावकीची खोली. एका गावाच्या बिनबायकांच्या गड्यांनी वर्गणी काढून घेतलेली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ट्रंका, ट्रंकांवर ऑइलपेंटनं नावं. अर्धे मालक आता हयात नाहीत, पण ट्रंक कुणी उतरवत नाही. काका इथं आले तेव्हा खोलीत पंचवीस माणसं राहायची. "पाळीनं झोपायचो. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणात. अंथरूण कधी गार म्हणून पडायचं नाही." गिरणीत बदली कामगार म्हणून लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं, तोच १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. "तो अजून मिटलाय असं मला कुणी येऊन सांगितलेलं नाही. मी अजून संपावरच आहे," असं म्हणून त्यांनी मृदंगाच्या शाई लावलेल्या बाजूवर एक थाप मारली आणि पोरं उभी राहिली.

आता माझी गोष्ट. मी मुद्दाम सायलेंट शटर लावलं होतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांत ही सोय असते, यांत्रिक पडदा हलत नाही, त्यामुळं आवाज येत नाही. मला वाटलं, कोपऱ्यात उभं राहावं, कुणाला कळूच नये. नाचणारी पोरं फोटोत गोठावीत म्हणून शटर सेकंदाच्या १/२५० ला ठेवलं. बारा बाय सोळाच्या खोलीत आठ जण वाकून, गिरकी घेऊन, पाय आपटत फिरतायत, ट्रंकांची कुलपं हादरतायत, घामाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, मी मांजरीच्या पावलानं इकडून तिकडं. दोन तासांत चारशे फोटो.

चहाच्या सुट्टीत काकांनी विचारलं, "काय गो, काढतंस की नुस्ती बघतंस?"

"काढतेय की, काका."

"आवाज नाही आला."

"आवाज बंद केलाय. तुम्हाला त्रास नको म्हणून."

काका थोडा वेळ बशीकडं बघत राहिले. "आवाज असला की माणसाला कळतं, आता काढला. बिनआवाजाचं कसं, खिडकीतून कोण बघून गेल्यासारखं वाटतं."

मला ते लागलं, पण मी ते वाद्यवाल्याचं म्हणणं म्हणून सोडून दिलं. वाद्यवाल्याला आवाजाचं कौतुक असायचंच.

रात्री एक वाजता मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. सगळ्या फोटोंवर पट्टे. आडवे, काळपट, सरळ रेषेत, कुणाच्या कपाळावर, कुणाच्या छातीवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते दिसत नाही. सायलेंट शटर मात्र चित्र वरून खाली ओळीओळीनं टिपतं, आणि वेग जास्त असला की काही ओळी उजेडात येतात, काही मंद क्षणात. शटर १/१०० ला ठेवलं असतं तर उजेडाचा एक पुरा हेलकावा प्रत्येक ओळीला मिळाला असता आणि पट्टे आले नसते. हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं हे काम करतेय. चारशेपैकी अकरा फोटो वाचले, तेही दाराजवळचे, जिथं जिन्यावरचा जुना पिवळा दिवा येत होता.

काकू पाणी प्यायला उठल्या. पडद्यावर बघून म्हणाल्या, "खिडकीच्या गजातून काढलेत काय?"

नवराबायकोचं आधी बोलणं झालेलं नव्हतं, हे मी नंतर खात्री करून घेतलं.

रविवार

सामना दुपारी साडेतीनचा. सामान टेम्पोनं पुढं गेलं. आम्ही करी रोडवरून चालत लोअर परळ, तिथून धिम्या लोकलनं चर्नी रोड. साहित्य संघाचं नाट्यगृह केळेवाडीत, म्हणजे गिरगावच्या पोटात. बाहेर वडापाववाल्यापाशी दोन्ही पक्षांची पोरं एकाच कढईतून वडे घेत होती आणि एकमेकांकडं बघत नव्हती. गंमत वाटली. गावाकडं या दोन मंडळांच्या वाड्यांमध्ये एक ओढा आहे, आणि सामन्याच्या दिवशी म्हणे त्या ओढ्यावरचं येणंजाणंही कमी होतं.

मी बाई, नाचणारे सगळे पुरुष, मेकअप रूम एक. काकांनी सकाळीच नियम घातला होता. दार वाजवायचं, नाव सांगायचं, आतून "ये" आलं की यायचं. कपडे होईपर्यंत बाहेर. मी कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर चालू केलं, वेग १/१००, आयएसओ ३२००, पस्तीस मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी. पहिल्या खटक्याला आठही डोकी वळली. दुसऱ्याला पाच. लॅबवाल्या पोरानं केस सारखे केले. विरारवाल्यानं दोन बोटांचा विजय दाखवला. मी तो फोटो काढला, त्याला दाखवला, तो "डिलीट कर" म्हणाला, मी केला. अर्धा तास हेच. या अर्ध्या तासात एकही फोटो कामाचा नाही.

मग गाऱ्हाणं झालं. विंगेत नारळ, अगरबत्ती, मृदंगावर फूल. गावाहून आलेले मानकरी हात जोडून सुरू झाले, बारा गावच्या, बारा वेशीच्या देवांना बोलावत, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचा एकच घोष: "व्हय महाराजा!" सुरात, पण एकसुरी नाही. कोणी पोटातून, कोणी नाकातून. शक्तीचं मंडळ आणि तुऱ्याचं मंडळ एकाच नारळाभोवती. पोरांचा घाम नुकताच सुकलेल्या पावडरीतून ओघळत होता. मी दोन फोटो काढले आणि कॅमेरा खाली घेऊन स्वतःच "व्हय महाराजा" म्हणाले. शेजारच्या पोरानं चमकून बघितलं, मग थोडा सरकला आणि मला जागा करून दिली.

त्यानंतर कुणी वळेना. खट, खट, कुणालाच काही वाटत नव्हतं. भाऊ भिंतीला पाय लावून चाळ बांधत होता. पायाला आधी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची, मग चाळ, नाहीतर कातडं सोलतं. दिव्याचा एक पोरगा आरशासमोर आपल्याच टोमण्यांचं पाठांतर करताना ओठ हलवत होता. ड्रेपवाल्यानं, म्हणजे नाचाचे कपडे पुरवणाऱ्यानं, एक जाकीट कमी आणलं होतं, त्यावरून बोलाचाली, शेवटी उंच पोरानं आखूड जाकीट घातलं. नाचताना त्याचं पोट दिसणार हे नक्की झालं आणि सगळे मोकळं हसले. हे सगळं आलंय फोटोत. बरं आलंय.

पण खरा प्रकार पलीकडं खुर्चीत चालू होता. शक्तीवाले बुवा सकाळपासून बोलतच नव्हते. घसा बसलेला. पावसात रात्री दोन-दोनपर्यंत सराव, वर वय साठीच्या पुढं. कुणी विचारलं की मान हलवायचे. भाऊ त्यांचा फेटा बांधायला लागला. बुवांनी एका हातानं शेमला धरला होता, दुसऱ्या हातानं कपाळावरची घडी दाबली होती, हनुवटी वर, मान ताठ. फेटा बांधून घेणारा माणूस तेवढा वेळ पुतळा असतो.

दार वाजलं. तुरेवाले बुवा आत आले, पूर्ण तयार, जरीचा अंगरखा, कपाळाला गंध, हातात स्टीलचा थर्मास. पोरं गप्प झाली. ते सरळ खुर्चीपाशी गेले, थर्मासच्या झाकणात ओतलं, वाफ आली, आल्याचा आणि ज्येष्ठमधाचा वास पावडरीच्या वासातून वर आला. त्यांनी स्वतः फुंकर घातली, एकदा, दोनदा, तान्ह्याचं दूध निववावं तशी. मग झाकण शक्तीवाल्यांच्या ओठांना लावलं. हात मोकळे नव्हते, म्हणून शक्तीवाल्यांनी डोळे मिटले आणि मान न हलवता प्यायले.

खट.

कुणी वळलं नाही. मी अर्धं पाऊल डावीकडं सरकले, म्हणजे भावाचं कोपर मधे येणार नाही.

खट.

तुरेवाले बुवा हळू आवाजात म्हणत होते, "दुसऱ्या कडव्याला वर जाऊ नको. खालीच ठेव. मी माझ्या बारीत वेळ काढतो, तवर घसा सुटंल." शक्तीवाल्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हुंकार दिला.

खट. तिसऱ्याला तुरेवाल्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. झाकण तसंच धरून, ओठ आवळून. मी कॅमेरा फिरवून मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, बराच वेळ.

"चांगला काढलास. पण गौरी-गणपती होईपर्यंत बाहेर दाखवू नको. आमची भांडणं ऐकायला लोक पैसे मोजून येतात गो."

पहिली बारी तुऱ्याची होती. गण झाला, गवळण झाली, पोरांनी रंगमंच असा दणाणून सोडला की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी काठीनं ठेका धरला. मधेमधे बक्षिसं. "अमुक वाडीकडून तुऱ्याला एकशे एक रुपये," माइकवर पुकारा, शिट्ट्या. आणि मग टोमणे. तुरेवाले बुवा पुढं आले, उजवं बोट वर गेलं, घड्याळ चमकलं, आणि पहिलीच ओळ: पावसाळ्यात बेडकाला कंठ फुटतो, आमच्या समोरच्याचा मात्र बसतो!

शक्तीच्या बाजूनं आरडाओरडा, तुऱ्याच्या बाजूनं टोप्या हवेत. मी विंगेत उभी, शेजारी शक्तीवाले बुवा. त्यांच्या हातात तोच थर्मास. ते घोट घेत होते आणि खांदे गदागदा हलत होते. हसत होते की खोकत होते, मला सांगता येणार नाही.

टोमण्यांची फेरी ठरल्यापेक्षा बरीच लांबली. व्यवस्थापकांनी घड्याळ दाखवलं, तुरेवाल्यांनी आपलं घड्याळ दाखवलं आणि आणखी एक कडवं टाकलं. प्रेक्षकांना वाटलं, बुवा आज पेटलेत.

दुसऱ्या बारीत शक्तीवाले उभे राहिले आणि आवाज आला. फाटका, घोगरा, पण आला. दुसऱ्या कडव्याला ते खालीच राहिले. उत्तर देताना म्हणाले, कंठ बसला तरी शब्द उभा आहे, तुझा उभा कंठ घेऊन तू शब्द कुठं शोधशील? यावर जे झालं ते शटरच्या आवाजाला गिळून टाकणारं होतं. त्या गोंगाटात मी कितीतरी फोटो काढले. उंच पोराचं पोट प्रत्येक फोटोत आहे.

परत जाताना लोकल नको झाली होती. टेम्पोत ट्रंका, मृदंग, ड्रेपचे गठ्ठे, आणि त्यावर आम्ही. काका मृदंगाला मांडीवर घेऊन झोपले.

सोमवार

दिवसभर निवड. हजारावर फोटो, त्यातले साठ ठेवले. मधे काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. कोल्हापुरात मी सुकट खात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि दोनदा घेतली. मंडळातली निम्मी पोरं कोकणात जायच्या गाडीच्या तिकिटांमागं लागली होती. गणपतीच्या आधी कोकण रेल्वेचं आरक्षण मिळणं म्हणजे नवस फळण्यासारखंच, तेव्हा परळ डेपोतून एसटी हाच भरवसा.

तो फोटो मी भावाला दाखवला, म्हणजे दाखवायलाच लागला, त्याचं कोपर होतं त्यात. पहिल्या फोटोत कोपर, दुसऱ्यात नाही. दुसराच खरा. मिटलेले डोळे, वर केलेली हनुवटी, अर्धवट फेटा, वाफ, आणि उजवीकडून आलेला तो हात. तो बघून भाऊ काही बोलला नाही, नुसता दाढी खाजवत बसला.

रात्री परतीची महालक्ष्मी. कर्जत गेल्यावर घाटाच्या अंधारात त्याचा मेसेज आला. गावातल्या गणपतीच्या बॅनरवर बुवांचा एक मोठा फोटो टाकायचाय. तोच टाकायचाय. बुवा असे कधी दिसलेच नाहीत. तुरेवाल्यांचा चेहरा कापून दे, बाकी तसाच.

मी लिहिलं, चेहरा कापला तरी हात राहतो.

थोडा वेळ गाडी थांबून होती. मग मेसेज.

"हात राहू दे. झाकण कोणीतरी धरायला लागणारच. घड्याळ तेवढं पुसता येतं का?"

पुसता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मी लिहिलं, "नाही रे, येत नाही."